उद्या कोणाचं घर?

शेजारचं घर पाडून झालं. तिथे आता सात मजले उभे राहणार आहेत. परवा बिल्डरचा सुपरवायझर आला आणि म्हणाला, "मॅडम, मधली भिंत तुमच्याकडेच ठेवून देतो. बाहेरून प्लास्टर मारून देऊ. तुम्हाले काही फरक नाही पडत." मी त्याला चहा विचारला नाही. एरवी मी इतकी खडूस नाही, पण त्या दिवशी नाही विचारला.

ती भिंत चार इंची. नागपुरात सक्करदऱ्याकडे आमची ही जोडघरांची कॉलनी झाली तेव्हा सोसायटीने विटा-सिमेंटात हात आखडता घेतला होता. त्यामुळे पलीकडच्या खंडागळ्यांच्या घरातलं सगळं मला ऐकू यायचं आणि माझ्या घरातलं त्यांना. मी शाळेतून येऊन मुलांवर खेकसले की पलीकडून मार्थाकाकू ओरडायच्या, "अवं मंगल, पोट्ट्यांले खाऊ दे पहिले, मंग मार!" जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, वर्गात माझ्यापुढे कोणी ब्र काढला नाही, पण भिंतीपलीकडून येणारा तो हुकूम मी निमूट पाळत आले.

खंडागळे कॅथलिक. त्या काळी कॉलनीत कॅथलिकांची आठ-दहा घरं होती. कोणी रेल्वेत, कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत नोकरीला. मार्थाकाकूंचे यजमान पीटरकाका रेल्वेत फिटर होते. विजय आणि शीला ही दोन मुलं. काकूंचं माहेर जालन्याकडचं, पण लग्न होऊन आल्या त्या बोलीसकट नागपूरच्या झाल्या. बुटक्या, सावळ्या, चालणं तुरुतुरु. कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस आणि हातात मात्र हिरव्या बांगड्या. त्या बांगड्यांवरून कॉन्व्हेंटात नव्या आलेल्या एका सिस्टरने काहीतरी सुचवलं, तर काकू म्हणाल्या, "सिस्टर, देव माह्या बांगड्या पाहाले नाही बसला. त्याले लय कामं आहेत."

एका चर्चच्या हद्दीत राहणाऱ्या सगळ्या कॅथलिक कुटुंबांना मिळून पॅरिश म्हणतात, हे मला काकूंनीच समजावलं. पण माझी खरी समजूत पुष्कळ वर्षं अशी होती की पॅरिश म्हणजे खंडागळे. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, काका ढोलक वाजवायचे, शीला लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायची, विजय पांढरा झगा घालून फादरांच्या शेजारी घंटी वाजवायला उभा राहायचा. ख्रिसमसचा गोठा, कोणी वारलं की त्या घरी पहिल्या दिवशीचं जेवण, नव्या फादरांना नागपूरच्या उन्हात दुपट्टा बांधायला लावणं, सगळं या एका घरातून चालायचं. "तुम्हाला पगार किती हो काकू?" असं मी चिडवायची. "पगार नाही वं, पेन्शन आहे," म्हणून त्या आभाळाकडे बोट दाखवायच्या.

चर्चमधल्या वेदीवर अंथरायचं पांढरं कापड धुऊन इस्त्री करायचं कामही त्यांच्याकडे होतं. आमच्या दोन घरांची गच्ची एकच. ते कापड वाळत पडलं की गच्चीवर संचारबंदी. एकदा माझा परकर वाऱ्याने तारेवरून सरकत जाऊन नेमका त्या कापडाला चिकटला. काकू आता काय म्हणतील म्हणून मी धावले, तर त्या कमरेवर हात ठेवून हसत होत्या. "जाऊ दे वं, तुह्या परकराले पुण्य लागलं," म्हणाल्या. मग कापड पुन्हा धुतलं. तेही गुपचूप नाही, माझ्यासमोर.

गुड फ्रायडेला चर्चच्या आवारात येशूच्या दुःखभोगाचं नाटक व्हायचं. पीटरकाका त्याला शिक्षा सुनावणारे पिलात, विजय रोमन शिपाई, आणि कपडेपट काकूंचा. एका वर्षी शिपायांच्या शिरस्त्राणांसाठी त्या मला घेऊन इतवारीत गेल्या. भांड्यांच्या दुकानात ॲल्युमिनियमची पातेली उतरवून घेतली आणि एकेक पातेलं दुकानदाराला डोक्यावर घालून दाखवायला लावलं. तो गमत्या माणूस होता, घालत गेला. शेवटी म्हणाला, "पण मावशी, जेवण किती लोकांचं आहे ते तरी सांगा." काकू म्हणाल्या, "जेवण नाही बाबू, येशूले क्रूसावर द्यायचं आहे." त्यानंतर त्याने घासाघीस केली नाही. ईस्टरच्या रविवारी त्यातलंच एक पातेलं मटणाचा रस्सा भरून आमच्याकडे यायचं. हनुवटीखाली दोरी बांधायला काठाशी दोन भोकं पाडलेली होती, त्यामुळे रस्सा नेहमी भोकांच्या खालीच असायचा.

पण काकूंचा खरा महिना ऑक्टोबर. तो कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. आमच्या कॉलनीच्या वाट्याला मारियामातेची एक मूर्ती होती. हातभर उंच, निळा शेला, नाकाचा टवका उडालेला. महिनाभर ती आज या घरी तर उद्या त्या घरी अशी राहायची. दर संध्याकाळी, जिथे ती असेल त्या घरचे लोक तिला मेणबत्त्या लावून, गाणी म्हणत पुढच्या घरी पोचवायचे. सगळी घरं झाली की पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या घरचं दार उघडं पाहिजे, टीव्हीवर चादर पाहिजे आणि घरातलं झाडून सगळं माणूस दाराशी उभं पाहिजे, हा काकूंचा कायदा. मूर्ती आत ठेवली की जपमाळ. एकाने "नमो मरिये" पासून प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी उरलेला अर्धा उत्तर म्हणून द्यायचा. पुन्हा पहिला अर्धा, पुन्हा उत्तर, असं मण्यामागून मणी. कोणी उत्तर घाईत उरकलं की काकू माळ थांबवायच्या. "काहून गा, हावडा मेल सुटून राहिली काय?"

जपमाळ झाली की चहा-चिवडा आणि मग काकूंचा ठरलेला प्रश्न. "उद्या कोणाचं घर?" उत्तर सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी त्या घरच्या पोरांनी ओरडून सांगायचं, "आमचं!" महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मूर्ती चर्चमध्ये परत जायच्या आधी, प्रश्न बदलायचा. "पुढच्या ऑक्टोबरात पहिलं घर कोणाचं?" तेव्हा तर नुसता गलका. तो गलका माझ्या स्वयंपाकघरात असा यायचा की मला फोडणी करपलेली कळायची नाही.

मी एकदा विचारलं, "काकू, एकट्या माणसाला नाही का म्हणता येत ही जपमाळ?"

"येते ना. पण आपणच हाक माराची अन् आपणच ओ द्याची, त्याच्यात काय मजा आहे वं?"

नंतर नंतर कॉलनीतली ती घरं कमी व्हायला लागली. कोणी पुण्याला मुलाकडे गेलं, कोणी वारलं, कोणी घर बिल्डरला देऊन टाकलं. शीला लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली. विजयने शहराच्या टोकाला, बेसाला, मोठ्या सोसायटीत फ्लॅट घेतला. काका-काकूंना तो चल चल म्हणत होता, पण काकू मूर्तीचं निमित्त सांगून राहिल्या. ऑक्टोबरात मूर्तीचा फेरा लवकर लवकर फिरून त्यांच्याच दाराशी यायला लागला. तरी संध्याकाळी भिंतीपलीकडून दोन आवाज येत. काकूंचा खणखणीत आणि काकांचा बिडीने घोगरा झालेला, अर्धा शब्द गिळणारा.

मग काका गेले. त्यानंतरची एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. मी मेथी निवडत होते. पलीकडे काकूंनी पहिला अर्धा म्हटला आणि सवयीने थांबल्या. काकांचा आवाज यायचा ती जागा होती. ती शांतता मला सोसेना. इतकी वर्षं ऐकून ते उत्तर मला तोंडपाठ झालं होतं, तेव्हा मीच मोठ्याने दिलं. मग पुढची "नमो मरिये" आली. मी पुन्हा उत्तर दिलं. सगळी जपमाळ आम्ही दोघींनी भिंतीतून म्हटली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी काकू वाटीभर साखर घेऊन आल्या. त्या साखर मागायला यायच्या, द्यायला कधी आल्याचं मला आठवत नाही. "काल छान म्हटलं वं तू. एक शब्द नाही चुकला." मग ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"पण नको म्हणत जाऊ, मंगल. राग नको मानू."

"काहून काकू?"

"तू म्हटलं का मले वाटते, माह्यं घर संपलं. शेजारीण उत्तर देऊन राहिली, म्हंजे घरचं कोणी येत नाही. ते जागा विजयची आहे. मी सोडून ठेवत जाईन. येईन तो कधी तरी, भरन."

मी कबूल केलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे "नमो मरिये" यायची आणि मग तेवढा वेळ काहीच यायचं नाही. काकू ती जागा सोडायच्या, अगदी पुरी सोडायच्या, आणि मग पुढचा मणी.

एका वर्षी कॉलनीत मूर्तीला काकूंचं एकच घर उरलं. तेव्हा त्यांनी बेसाचा फ्लॅट साखळीत ओढला. मी सोबत गेले. ऑटोत मूर्ती त्यांच्या मांडीवर होती. सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, "कोणत्या फ्लॅटचं पार्सल आहे?" काकूंनी मूर्तीवरचा पदर बाजूला केला. "पार्सल नाही बाबू, मारियामाता आहे." त्याने वरती फोन लावून विचारलं, मग आम्हाला सोडलं.

वरती सून रीना हसतमुखाने दारात होती. विजय आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता. नात सोफ्यावर. मूर्ती ठेवल्यावर रीनाने टीव्ही सुरू केला आणि त्यावर फोनमधली जपमाळ लावली. पहिला अर्धाही टीव्हीच म्हणत होता आणि उत्तरही टीव्हीच देत होता, मागे व्हायोलिन. "मम्मी, किती क्लिअर आहे ना आवाज?" रीना मनापासून म्हणाली. पोरगी वाईट नाही. त्या घरात कोणीच वाईट नाही, हीच तर पंचाईत. काकू म्हणाल्या, "हाव, लय साफ आहे." जपमाळ संपल्यावर त्यांनी नातीला विचारलं, "उद्या कोणाचं घर?" नातीने आईकडे पाहिलं. रीना म्हणाली, "मम्मी, आता तुमचंच ना?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू नवी साडी नेसून, मेणबत्ती लावून दारात उभ्या. विजय, रीना आणि नात मूर्ती घेऊन येणार होते. आली ती मोटारसायकल. चाळिशीतला एक माणूस उतरला, पाठीवरची पेटी उघडली आणि फुगेवाल्या प्लास्टिकात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. विजयला ऑफिसातून निघता आलं नव्हतं, म्हणून त्याने मूर्ती ॲपवरून पाठवून दिली होती. ती फार नीट गुंडाळलेली होती, हेही सांगायला पाहिजे. त्या माणसाने काकूंच्या हातातली मेणबत्ती पाहिली आणि गोंधळून म्हणाला, "आंटी, ओटीपी सांगा."

काकूंनी फोन मला दिला. मी आकडे वाचून दाखवले. मग काकूंनी तिथेच दारात प्लास्टिक सोडवलं आणि स्वागताचं गाणं सुरू केलं. त्या माणसाला काय कळलं कोण जाणे, त्याने हेल्मेट काढलं, बूट काढले आणि गाणं संपेपर्यंत उभा राहिला. काकूंनी त्याला चिवडा दिला. तो गेल्यावर त्या मूर्तीच्या नाकावरून बोट फिरवत म्हणाल्या, "पीटर असता तं मी त्याले काय सांगतलं असतं वं?" त्या संध्याकाळी मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर नवे फादर आले. तरुण, केरळकडचे, मऊ बोलणारे. ते काकूंना म्हणाले, "आंटी, एका घराला मूर्ती कशी फिरवणार? आता ती चर्चमध्येच ठेवू या. तुम्ही तिथे या." काकूंचं जग त्या मूर्तीच्या फेऱ्यावर उभं होतं, पण त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एक वर्ष द्या फादर. विजय म्हणला आहे, शेवटच्या दिवशी बायको-पोरीले घेऊन येतो. त्यानं पुढचं पहिलं घर आमचं म्हणलं, तर राहीन ना मूर्ती?" फादर म्हणाले, "राहील. दोन घरं असली तरी राहील."

तो त्यांचा शेवटचा ऑक्टोबर. नंतरच्या महिन्यात त्या मोरीत पडल्या, विजय त्यांना बेसाला घेऊन गेला आणि जानेवारीच्या थंडीत त्या तिथेच वारल्या. दफनाला मी गेले होते. तिकडचं चर्च वेगळं, माणसं नवी. शवपेटीभोवती जपमाळ इंग्रजीत झाली, भराभरा. विजय ढसाढसा रडत होता आणि उत्तर देत होता. मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. मूर्ती चर्चच्या कपाटात आहे असं ऐकते.

पण काकू म्हटलं की मला तो ऑक्टोबरचा शेवटचा दिवस दिसतो. सकाळपासून पलीकडे खुर्च्या सरकत होत्या. चिवड्याच्या फोडणीचा वास आला. संध्याकाळी फोन वाजला. भिंतीतून मला फक्त काकू ऐकू येत होत्या. "हाव... हाव बेटा... पेपर आहे काय तिचा उद्या? करू दे अभ्यास तिले... नाही रे, कायले वाईट वाटन... हाव, म्हणून घेतो मी... पुढच्या वर्षी. हाव."

थोड्या वेळाने त्या मूर्ती घेऊन बाहेर आल्या. एका हाताने छातीशी धरलेली, दुसऱ्या हातात मेणबत्ती. मी फाटकाशी गेले. "मी येऊ का सोबत?"

"नको. तू इथंच राह्य. विजय आला तं सांग, मी गल्लीतच आहो म्हणून."

घराचं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं. त्या गाणं म्हणत निघाल्या. पूर्वी ज्या ज्या फाटकाशी मूर्ती थांबायची, तिथे तिथे त्या थांबल्या. एका ठिकाणी आता कोचिंग क्लास आहे, दुसऱ्या ठिकाणी अपार्टमेंटचं पार्किंग. क्लासची पोरं स्कूटींवर बसून बघत होती. कोणी हसलं नाही, तेवढं एक बरं. गल्लीचा फेरा करून त्या स्वतःच्याच दाराशी आल्या आणि उभ्या राहिल्या. आतल्या माणसांनी पुढे होऊन मूर्ती घ्यायची असते. त्या तेवढा वेळ उभ्या राहिल्या, मग आपणच आत गेल्या.

मी घरात येऊन भिंतीशी बसले. जपमाळ सुरू झाली. "नमो मरिये" आणि मग सोडलेली जागा. पुन्हा "नमो मरिये", पुन्हा जागा. घाई नाही, एकही मणी गाळला नाही. संपल्यावर कपबशीचाही आवाज आला नाही. मग काकूंनी विचारलं, पोराबाळांनी भरलेल्या खोलीत विचारायच्या त्याच खणखणीत आवाजात:

"पुढच्या ऑक्टोबरात पहिलं घर कोणाचं?"

एका शब्दाचं उत्तर होतं. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी कबूल केलं होतं, म्हणून भिंतीला हात टेकून गप्प बसले. पलीकडे काकू वाट पाहत होत्या. खूप वेळ पाहत होत्या. मग टीव्हीवरची चादर काढून झटकल्याचा आवाज आला. टीव्ही मात्र लागला नाही.